धावती फीत: चित्रमुद्रणाच्या इतिहासातील एक पराभूत प्रयोग

चुंबकीय फितीवरील चित्रमुद्रणाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक १४ एप्रिल १९५६ ह्या दिवसापासून आरंभ करतात. त्या दिवशी शिकागो येथे प्रक्षेपण-व्यावसायिकांच्या मेळाव्यात अँपेक्स कंपनीने आपले व्हीआरएक्स-१००० हे यंत्र प्रथम दाखविले, आणि दूरचित्रवाणीच्या व्यवहारात एक नवे पर्व सुरू झाले, ह्याविषयी दुमत नाही. परंतु त्यापूर्वी पाच-सहा वर्षे अमेरिकेत व इंग्लंडात जे प्रयत्न चालले होते, त्यांची बोळवण एखाद्या वाक्यात केली जाते: साधे ध्वनिमुद्रणयंत्र अतिवेगाने पळवून पाहिले, ते साधले नाही. प्रस्तुत लेखकास हा निकाल घाईचा वाटतो. ते का साधले नाही, हे नीट पाहिल्यावाचून १९५६ चे यश कशात होते हेही उमगत नाही.

प्रथम यंत्राच्या तत्त्वाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. चुंबकीय द्रव्याचा लेप दिलेली फीत एका रिळावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळली जाते, आणि वाटेत ती एका लहानशा विद्युत्‌चुंबकाला, म्हणजे शीर्षाला, घासून जाते. शीर्षात एक अतिसूक्ष्म फट असते. तेथेच फितीवर ठसा उमटतो. एका कंपनाचा ठसा फितीची किती लांबी व्यापतो, हे फितीचा वेग भागिले कंपनसंख्या ह्या साध्या भागाकाराने निघते. सेकंदाला ३० इंच वेगाने जाणाऱ्या फितीवर १५,००० कंपनांच्या ध्वनीचा एकेक ठसा एक मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतका पडतो. ही लांबी शीर्षाच्या फटीएवढी झाली की वाचन अशक्य होते. म्हणून उच्च स्वर पकडावयाचा तर फीत वेगाने पळविली पाहिजे. त्यासाठी फीत ओढणारा दंडगोल, ज्याला कॅपस्टन म्हणतात, तो जाड करावयाचा किंवा त्याचे फेरे वाढवावयाचे. आकाराने ही सुधारणा इतकी सोपी, की ती कोणाही कारागिराच्या मनात आधी यावी.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा प्रवास नेमका उलट दिशेने चालला होता. जर्मनीतील एईजी कंपनीने १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेल्या मॅग्नेटोफोनची फीत आरंभी सेकंदाला सुमारे एक मीटर धावे. पुढे हा वेग ७७ सेंटिमीटरवर स्थिरावला. युद्धानंतर अमेरिकेत तो ३० इंच झाला, लौकरच १५ इंच, मग साडेसात. फीत व शीर्षे जसजशी सुधारत गेली तसतशी गती उतरत गेली आणि फितीचा खर्च वाचला. चित्राच्या मागे लागलेल्या मंडळींनी मात्र हा ओघ उलटा फिरविला.

त्यांतील प्रमुख जॉन मुलिन. अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन विभागातील ह्या अभियंत्याने १९४५ साली जर्मनीत मॅग्नेटोफोन पाहिले, दोन यंत्रे सुटी करून मायदेशी धाडली, आणि १६ मे १९४६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ती अभियंत्यांना ऐकविली. गायक बिंग क्रॉस्बी ह्यांना ही गोष्ट वरदानासारखी वाटली, कारण अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर असल्याने रेडिओवरील एकच कार्यक्रम दोनदा प्रत्यक्ष सादर करण्याचा त्यांना वीट आला होता. १९४७ सालच्या हंगामापासून त्यांचे कार्यक्रम फितीवर मुद्रित होऊ लागले, आणि १९४८ मध्ये मॅग्नेटोफोनच्याच धर्तीवरचे अँपेक्स २०० हे यंत्र बाजारात आले. दूरचित्रवाणीपुढे तीच अडचण अधिक तीव्रतेने उभी होती. नळीवरील चित्राचे चित्रपटाच्या फिल्मवर छायाचित्रण करावयाचे, ती घाईने धुवावयाची, आणि तीन तासांनी पश्चिमेस दाखवावयाची, असा तो महागडा आणि डोळ्यांना त्रासदायक खटाटोप होता.

मुलिन आणि वेन जॉन्सन ह्यांनी १९५० साली क्रॉस्बींच्या संस्थेत हे काम आरंभिले. हाताशी होते अँपेक्स २०० आणि ध्वनीसाठी वापरली जाणारी पाव इंची फीत. त्यांनी यंत्रात फेरफार करून फीत सेकंदाला ३६० इंच, म्हणजे सव्वानऊ मीटरच्या आसपास, पळविली; मूळ वेगाच्या बारापट. ११ नोव्हेंबर १९५१ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या प्रात्यक्षिकात चित्र दिसले, पण ते अस्पष्ट व धूसर होते. ते दिसले हेच मुळात नवल होते असे मला वाटते. अमेरिकन पद्धतीत चित्राची एक ओळ सेकंदाच्या १५,७५० व्या भागात पुरी होते. तेवढ्या अवकाशात त्या धावत्या फितीचा जेमतेम अर्धा मिलिमीटर शीर्षापुढून सरकतो. रिळाने किंचित हिसका दिला, फितीला किंचित ताण बसला, की ओळीचा आरंभ ढळलाच! कानाला जो दोष जाणवतही नाही, तो डोळ्यापुढे चित्र वाकडे करून उभा राहतो. शिवाय फितीचा फडशा पडे तो निराळाच. ह्या वेगाने एका तासाच्या कार्यक्रमास सुमारे ३३ किलोमीटर फीत लागते. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत लोहमार्गाशेजारी अंथरली तर स्थानक दृष्टिपथात यावे इतकी.

तथापि खरी अडचण ह्याहून खोल होती, आणि ती वेग वाढवून सुटणारी नव्हती. संगीताच्या भाषेत सांगावयाचे तर मनुष्याच्या श्रवणास पुरणारा ध्वनी ३० ते १५,००० कंपनांत, म्हणजे नऊएक सप्तकांत, सामावतो. चित्रसंदेश मात्र तीस कंपनांपासून तीस-चाळीस लक्षांपर्यंत, सोळा-सतरा सप्तके पसरलेला असतो. शीर्षातून वाचनसमयी मिळणारा विद्युत्‌दाब कंपनसंख्येच्या प्रमाणात वाढतो. दर सप्तकास दुप्पट. परिणामी खालच्या व वरच्या टोकांत एकास लाखाचा भेद पडतो आणि खालचा संदेश यंत्राच्या खरखरीत बुडून जातो. फीत कितीही पळविली तरी वरचे टोक तेवढे हाती लागते. खालचे टोक आहे तेथेच दुबळे राहते.

मुलिन-जॉन्सन ह्यांना गतीचे हे अपुरेपण कळले नव्हते असे नाही. वर्षभराने दाखविलेल्या त्यांच्या सुधारित यंत्रात एक इंची फीत होती, चित्रसंदेश अनेक शीर्षांत वाटून दिला होता, आणि वेग पहिल्याच्या सुमारे तृतीयांशावर आणला होता. चित्र सुधारले, पण उत्तम फिल्मची सर त्याला आली नाही. आरसीए कंपनीत मात्र वेगावरील श्रद्धा टिकून राहिली. तिचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ ह्यांनी १९५१ साली आपल्या संशोधकांकडे पाच वर्षांच्या मुदतीने ज्या तीन भेटी मागितल्या, त्यांत चित्रमुद्रक ही एक होती. डिसेंबर १९५३ मध्ये प्रिन्स्टन येथे दाखविलेल्या त्यांच्या यंत्राचा वेगही ३६० इंचच होता. मोठ्या संस्थेचे द्रव्यबळ कधी कधी चुकीच्या वाटेवर अधिक दूर नेते, ह्याचे हे उदाहरण म्हणता येईल.

इंग्लंडात बीबीसीचे पीटर ॲक्सन ह्यांनी १९५२ पासून चालविलेले ‘व्हेरा’ हे यंत्र ह्या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक केलेले काम होय. त्यात अर्धा इंची फीत सेकंदाला २०० इंच धावे आणि साडेवीस इंच व्यासाच्या रिळावर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मावे. म्हणजे साडेचार हजार मीटरहून अधिक फीत. परंतु ॲक्सन ह्यांनी चित्रसंदेशाचे दोन भाग पाडले. एक लक्ष कंपनांच्या वरचा भाग त्यांनी सरळ एका पट्ट्यावर घेतला, आणि खालचा भाग एका उच्च वाहक कंपनावर आरूढ करून, त्या वाहकाची कंपनसंख्या संदेशानुसार कमीजास्त करीत, दुसऱ्यावर. दुबळ्या टोकावरचा उपाय येथे स्पष्टपणे सापडलेला दिसतो. १४ एप्रिल १९५८ रोजी ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात रिचर्ड डिंबल्बी ह्यांनी हे यंत्र प्रेक्षकांस दाखविले. शिकागोच्या प्रात्यक्षिकास त्या दिवशी बरोबर दोन वर्षे झाली होती.

अँपेक्समधील चार्ल्स गिन्सबर्ग व त्यांचे सहकारी १९५२ पासून वेगळ्या प्रश्नावर विचार करीत होते: शीर्ष स्थिर आणि फीत धावती, हीच व्यवस्था का असावी? शिकागोच्या आर्मर संशोधनसंस्थेत मार्व्हिन कॅम्रस ह्यांनी फिरत्या शीर्षाची कल्पना तत्पूर्वीच पुढे आणली होती. गिन्सबर्ग ह्यांचे काम मध्येच बंद पडले, १९५४ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि अखेर चार शीर्षे बसविलेली चकती मिनिटास १४,४०० फेरे घेत दोन इंची फितीवर आडवी रेघ ओढू लागली. शीर्ष आणि फीत ह्यांचा परस्पर वेग सेकंदाला पंधराशे इंचांवर गेला, म्हणजे मुलिन ह्यांच्या चौपट. आणि स्वतः फीत मात्र १५ इंचांच्या संथ गतीने चालत राहिली. तासाभराला चौदाशे मीटरही लागत नाहीत. जोडीला चार्ल्स अँडरसन ह्यांनी सिद्ध केलेल्या मंडलाने संपूर्ण चित्रसंदेशच वाहकाच्या कंपनसंख्येत गुंफला, त्यामुळे सतरा सप्तकांचा पसारा दोन-तीन सप्तकांत आला. व्हेराने जे अर्ध्यावर केले, ते येथे पुरे झाले. ३० नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएसने ह्या यंत्रावरून पश्चिम किनाऱ्यावर बातम्या प्रक्षेपित केल्या.

म्हणजे वेग हवाच होता, आणि मुलिन ह्यांच्या अंदाजाहूनही तो अधिक हवा होता. चूक झाली ती तो फितीच्या माथी मारण्यात. ध्वनिमुद्रणात वाढलेल्या अभियंत्यांच्या दृष्टीने ‘फितीचा वेग’ आणि ‘मुद्रणाचा वेग’ हे एकाच वस्तूचे दोन शब्द होते. अँपेक्स २०० ची फीत बारापट पळवून जो दोष उघडा पडला, त्याने ह्या दोन कल्पना विलग होण्यास वाट मिळाली असे मानण्यास जागा आहे, जरी गिन्सबर्ग स्वतंत्रपणेही तेथे पोहोचू शकले असते.

बीबीसीने लौकरच अँपेक्सची यंत्रे घेतली आणि व्हेरा निवृत्त झाले. क्रॉस्बींचा विद्युत्‌-विभाग ३एम कंपनीकडे गेला व ‘मिनकॉम’ ह्या नावाने चालू राहिला. तेथून बाहेर पडलेल्या यंत्रांत प्रयोगशाळांची मोजमापे टिपणारे फीतमुद्रक होते. ज्या कामात चित्र नसून केवळ आकडे व संदेश टिपावयाचे असतात, तेथे सेकंदाला १२० इंच पळणारी फीत पुढील अनेक वर्षे विनातक्रार चालली.