नोंदवहीतून नाव काढेपर्यंत

गेल्या दिवाळीआधी मी दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून पुतणीसाठी एक जुना लॅपटॉप घेतला. नोएडाला घरी आणून चालू केला, वायफाय जोडलं, तर पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं नाव! कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड द्या म्हणे. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकलं होतं, तरी यंत्र जुन्या मालकाला विसरलं नव्हतं. आज याचाच इतिहास बघू.

आपल्या शाळांत, कचेऱ्यांत 'डेड स्टॉक रजिस्टर' असतं. खुर्ची मोडली तरी निर्लेखन होईपर्यंत ती कागदावर जिवंतच. पण नाव राहून गेलं तर अडचण कारकुनाची. भंगारात ती खुर्ची घेणाऱ्याचं काही अडत नसे.

संगणकाचं सुरुवातीपासून वेगळं होतं. १९६०-७० च्या काळात आयबीएम आपली यंत्रं भारतात भाड्याने देई. मालकी तिची, देखभालही तिचीच. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी भागभांडवलावर मर्यादा आणली. जनता सरकारात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, आयबीएमने ती मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये भारत सोडला. यंत्रं इथेच राहिली, सांभाळणारा गेला. मग १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी 'सीएमसी'च्या अभियंत्यांनी ती चालू ठेवली. म्हणजे बघा, धनी गेला तरी यंत्र चालत होतं.

पुढे पीसी आले. कचेरीने डिस्क पुसून विकला की व्यवहार संपला.

मग दूरवरून यंत्रं सांभाळायची पद्धत आली. अ‍ॅपलने २०१४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने 'ऑटोपायलट' नावाने २०१७ मध्ये नवी सोय दिली. यंत्राची ओळख कंपनीच्या नावावर सर्व्हरमध्ये नोंदलेली असते. कोरं यंत्र इंटरनेटला जोडलं की ते आधी तिथे विचारतं, "मी कोणाचं?" चोरीला आळा घालायला हे उत्तम. पण नोंद डिस्कवर नाही, म्हणून डिस्क पुसून ती जात नाही. वही आता यंत्राच्या मागोमाग फिरते.

म्हणून निरोपाची कामं दोन: माहिती पुसणं आणि नाव काढणं. क्रमही महत्त्वाचा. नाव आधी काढलं, तर दूरवरून पुसण्याचा हुकूम पाठवायचा कुठे? माहिती आतच राहते. आणि नाव काढायचं राहिलं, तर माझ्यासारखं होतं.

जुलै २०२३ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अधिकाऱ्यांना चार वर्षं वापरलेलं उपकरण स्वतःकडे ठेवायची मुभा दिली. त्याआधी त्यातली माहिती साफ करण्याची जबाबदारी खात्यावर टाकली. पहिलं काम असं सरकारी कागदावर आलं. दुसरं मात्र कुठल्याही कचेरीत सहज राहून जातं, कारण यंत्र विकणारं टेबल वेगळं आणि नोंद सांभाळणारं टेबल वेगळं.

मी दुकानदाराकडे परत गेलो. तो म्हणाला, "नहीं खुला तो पुर्ज़ों में जाएगा." पुर्जे म्हणजे पुढे सीलमपूर, जिथल्या गल्ल्यांत माणसं हाताने सर्किट फोडतात, जाळतात, आम्लात घालतात. आणखी चार-पाच वर्षं सहज चालणारं यंत्र, एका राहिलेल्या नोंदीपायी!

सीरियल नंबर कळवल्यावर अकराव्या दिवशी त्या कंपनीने नाव काढलं. पुतणीचा अभ्यास आता त्यावरच चालतो. तुमच्यापैकी कोणी कचेरीत हे काम बघत असेल, तर यंत्र दाराबाहेर जाताना दोन्ही टेबलांना विचारा: पुसलं का? नाव काढलं का?