सार्वभौमत्व आणि करारपालन : बेरुबारीपासून छिटमहलांपर्यंत

कोणत्याही राष्ट्राला त्याच्या संमतीविना कराराने बांधता येत नाही. मात्र संमती दिल्यानंतर करार प्रामाणिकपणे पाळावा लागतो, हे तत्त्व करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारातील कलम २६ मध्ये नमूद आहे. देशांतर्गत कायद्याची सबब सांगून करारभंगाचे समर्थन करता येत नाही, असे कलम २७ सांगते. भारत या कराराचा पक्षकार नसला, तरी ही तत्त्वे आंतरराष्ट्रीय कायद्यात सर्वमान्य आहेत.

घटनात्मक तरतूद

भारतात करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यघटनेच्या कलम २५३ नुसार संसद राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते. परंतु करारामुळे देशाचा भूभागच दुसऱ्या राष्ट्राकडे जाणार असेल तर?

बेरुबारी प्रकरण

१९५८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यात झालेल्या करारानुसार, पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यातील बेरुबारीचा निम्मा भाग पाकिस्तानला द्यावयाचा होता. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. भूभाग देणे हा सार्वभौमत्वाचाच अधिकार आहे. मात्र त्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे, असे मत न्यायालयाने १९६० मध्ये दिले. त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झाली. तरीही बेरुबारीचे हस्तांतरण झाले नाही.

कच्छच्या सीमेबाबत १९६९ मध्ये न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. वादग्रस्त सीमा निश्चित करणे म्हणजे भूभाग देणे नव्हे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

४१ वर्षांची प्रतीक्षा

१९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजिबुर रहमान यांनी केलेल्या सीमाकरारानुसार दक्षिण बेरुबारी भारताकडेच राहिली आणि परस्परांच्या हद्दीतील वस्त्यांची, म्हणजे छिटमहलांची, अदलाबदल ठरली. बांगलादेशाने त्याच वर्षी करारास मंजुरी दिली. भारतात आवश्यक असलेली शंभरावी घटनादुरुस्ती मात्र २०१५ मध्ये, दोन्ही सभागृहांत एकमताने, संमत झाली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताची १११ छिटमहले बांगलादेशाला, तर बांगलादेशाची ५१ छिटमहले भारताला मिळाली. तेथील ५० हजारांहून अधिक रहिवाशांना नागरिकत्व निवडण्याची संधी मिळाली.

करार करणे हा सार्वभौमत्वाचा त्याग नसून त्याचाच वापर आहे, हे या घटनाक्रमातून दिसते. घटनेची मर्यादा आणि दिलेला शब्द यांचा मेळ अखेर संसदेने घातला. विलंबाची किंमत मात्र छिटमहलांतील रहिवाशांनी मोजली. दीर्घकाळ त्यांना ना मतदानाचा हक्क होता, ना शाळा-दवाखान्यांचा आधार.