ग्रामपाहणी, महाराष्ट्रातील

खेडे हे एकक मानून तेथील जमीनधारणा, व्यवसाय, कर्ज, आहार, चालीरीती, शिक्षण इ. बाबींची प्रत्यक्ष चौकशीने माहिती मिळविणे व तिचा अन्वयार्थ लावणे, यास ग्रामपाहणी म्हणतात. महाराष्ट्रात या अभ्यासास सु. दोनशे वर्षांची परंपरा असून पुणे परिसर हे तिचे एक प्रमुख केंद्र होय. पाहणीतून लाभलेले ज्ञान कोणासाठी मांडले गेले आणि ज्यांच्याविषयी ते होते त्यांच्या ते कितपत उपयोगी पडले, या दृष्टीने हा इतिहास उद्बोधक आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर लवकरच टॉमस कोट्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने पुण्याजवळील लोणी (सध्याचे लोणीकंद) या गावाची पाहणी केली. गावातील घरे, शेती, अन्नवस्त्र व कर्जबाजारीपणा यांचे वर्णन करणारा त्याचा निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत असल्याने त्याचा वाचकवर्ग मुख्यत्वे राज्यकर्त्यांचाच होता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दोन भिन्न प्रकारचे अभ्यास पुढे आले. महसूल खात्यातील अनुभवाच्या आधारे त्रिंबक नारायण आत्रे (१८७२–१९३३) यांनी गावगाडा (१९१५) हा ग्रंथ मराठीत लिहिला. कुणबी, बलुतेदार, अलुतेदार व फिरस्ते यांचे परस्परसंबंध उलगडून शेतकऱ्यावर पडणारा भार त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवला. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान (१८७२–१९६१) यांनी आकडेवारीची वाट धरली. पिंपळे सौदागर या गावी खातेदाराची सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती. ती १८१८ मध्ये १७½ एकर व १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर झाल्याचे त्यांनी दाखविले (१९१७). हे गाव पुणे व खडकीच्या निकट असल्याने तेथील रोजगाराचा प्रभाव निष्कर्षांवर पडला असावा, हे ध्यानी घेऊन त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरच्या जातेगाव बुद्रुकचीही पाहणी केली (१९२१).

जमिनीच्या विभागणीचे हे चित्र स्पष्ट होऊनही उपाय सोपा नव्हता. मुंबई विधिमंडळात १९२७ मध्ये मांडलेल्या लहान धारणांविषयीच्या विधेयकास तीव्र विरोध झाला व ते बाजूला पडले. वारसाहक्काने मिळालेला तुकडा हाच लहान खातेदाराचा आधार व त्याची गावातील प्रतिष्ठा असल्याने, अशा कायद्याने आपण भूमिहीन होऊ, ही भीती त्यामागे होती. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा पुढे १९४७ मध्ये झाला.

पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या अभ्यासास शिस्तबद्ध रूप दिले. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी केली. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. अभ्यासक व शेतकरी एकाच संस्थेत एकत्र आल्याचे हे ठळक उदाहरण होय. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी लोणीकंदची नव्याने पाहणी करून कोट्सच्या काळाशी तुलना केली (१९६०). इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांचा अभ्यास केला (१९६९).

शिक्षणाच्या क्षेत्रात जे. पी. नाईक (१९०७–८१) यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापिलेली व १९७६ मध्ये पुण्यास आलेली भारतीय शिक्षण संस्था उल्लेखनीय आहे. चित्रा नाईक (१९१८–२०१०) यांच्या मार्गदर्शनाखाली तिने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. दिवसा गुरे राखणाऱ्या वा घरकाम करणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांच्या सोयीने रात्रीचे वर्ग भरत. शिकविणारे गावातीलच असत. परीक्षेचे दडपण टाळून बालजत्रेत मुलांची प्रगती पाहिली जाई. येथे मुलांचा दिनक्रम हीच संशोधनाची सामग्री होती व तिच्यावरूनच शाळेची वेळ ठरली. संस्थेचे शिक्षण आणि समाज हे मराठी त्रैमासिक अशा अभ्यासाच्या प्रसारास साहाय्यभूत ठरले.

पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे दाट नागरी वस्ती झाली आहे. त्यामुळे शेतीसुधारणेसाठी केलेली मान यांची पाहणी आज त्या गावाच्या इतिहासाचे एक मोलाचे साधन बनली आहे.