बुरशीजन्य फुप्फुसरोगाचे निदान व परिभाषा

रोगाचे नाव आणि त्याचे निदान यांचा संबंध किती निकटचा असतो, याचा प्रत्यय नागपुरास इ. स. २०२१ मध्ये आला. कोविडच्या साथीत म्यूकरमायकोसिसचे रुग्ण वाढले व 'काळी बुरशी' हा शब्द रूढ झाला. वस्तुतः तो काळेपणा बुरशीचा नसून मृत ऊतींचा होय.

फुप्फुसांत शिरणाऱ्या ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे नावही बाह्य रूपावरूनच पडले. फ्लॉरेन्सच्या मिकेलीने १७२९ साली तीर्थजल शिंपडण्याच्या उपकरणाशी तिचे साम्य पाहून ते योजिले. फिरखोने १८५६ साली मानवी फुप्फुसांतील तिच्या विकाराचे वर्णन केले. परंतु ते शवविच्छेदनावरून.

जिवंत रुग्णांसाठी २००२ साली आंतरराष्ट्रीय व्याख्या प्रसिद्ध झाल्या. त्या कर्करोगाच्या व मूलपेशी-प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी होत्या. जुनाट श्वसनरोगाने अत्यवस्थ झालेला रुग्ण त्यांत बसत नसे. त्याच्या कफात बुरशी आढळली, तरी ती श्वसनमार्गात नुसती वसली आहे की ऊतींत शिरली आहे, हे ठरविणे दुर्घट असते. ही उणीव दूर करण्याचा यत्न बुल्पा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आणि ब्लॉट व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केला. श्वासनलिका धुऊन काढलेल्या द्रवातील गॅलॅक्टोमॅननची चाचणीही साह्यभूत ठरली.

सारांश, लोकांनी दिलेले नाव रोगाचे रूप तेवढे सांगते. शास्त्रीय व्याख्या मात्र रुग्णाचे भवितव्य ठरविते. तिच्या शब्दांबाहेर राहिलेला रुग्ण वेळीच मिळणाऱ्या उपचारासही मुकण्याचा संभव असतो.