आईचे लाटणे आणि अहिल्याताई

परवा धाकट्या सुनेने स्वयंपाकघर आवरायला काढले आणि माझ्या आईचे जुने लाटणे हातात घेऊन विचारले, "हे ठेवायचं का हो आई?" एका टोकाला तडकलेले आहे, चपाती सरळ लाटली जात नाही. मी म्हटले, राहू दे. मग कारण सांगत बसले आणि तिचा चहा गार होईपर्यंत तिला सोडले नाही. शिक्षकाची खोड, दुसरे काय! तेच इथे जरा नीट लिहून काढते. (पुण्याच्या भाच्यांनी "मावशी पुन्हा गिरणगावात शिरली" म्हणून हसू नये.)

हे लाटणे मोर्चाला जाऊन आलेले आहे.

१९७२ चा दुष्काळ. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. तेलाला रांग, रॉकेलला रांग. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाईविरोधी समिती उभी केली. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका सतरंजीवर बसले, हेच मुळात नवल. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. आमच्या लालबागच्या चाळीत त्या रात्री असा आवाज झाला की तान्ही मुले रडत उठली. आईने थाळी इतकी बडवली की लाटणे तडकले. वडील कापडखात्यात होते, ते म्हणाले, "आता उद्या चपात्या कशानं लाटणार?" आई म्हणाली, "पीठ तर आणा आधी!"

मी मात्र मोर्चाला गेले नाही. नुकतीच शाळेत लागले होते, अजून कायम व्हायची होते. वरिष्ठांनी हसत हसत सुचवले होते की शिक्षिकांनी असल्या गोष्टींत दिसू नये. शाळेचे नाव आता कशाला. आई गेली, मी वह्या तपासत घरी बसले. उन्हाने लाल होऊन ती परत आली, म्हणाली, "अहिल्याताई पुढं होत्या. चालतात बाई भराभर." बस, एवढेच.

त्या अहिल्याताईंविषयी आजच्या मुलांना काहीच ठाऊक नसते. त्या मूळच्या रणदिवे. जन्म ८ जुलै १९२२, पुण्याचा. कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे त्यांचे थोरले भाऊ. १९४२ च्या चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला. १९४३ मध्ये पक्षात आल्या आणि परळच्या कामगार बायकांत काम करू लागल्या. परळ महिला संघ त्यातूनच उभा राहिला.

फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलातल्या खलाशांनी बंड केले. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबई बंद झाली आणि परळला लष्कराने गोळीबार केला. महिला संघाच्या कमल दोंदे तिथेच गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी शिरली. अहिल्याताई त्यांच्या सोबतच होत्या, त्या वाचल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. इतिहासाच्या तासाला मी 'नाविकांचे बंड' चार ओळींत उरकत असे, आणि त्या चार ओळींत कमल दोंदे यांचे नाव नव्हते. वर्गातली निम्मी मुले परळचीच! हे मला फार उशिरा खटकले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर, १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून गेल्या. लगेच चीनचे युद्ध आले आणि त्या तुरुंगात गेल्या. आमच्याकडेही तेव्हा कम्युनिस्टांना 'चीनचे हस्तक' म्हणत, वडीलसुद्धा म्हणत. पुढे १९७० साली लालबागला आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले. लाल बावट्याचा तो उतरता काळ. तरीही एकूण एकोणीस वर्षे ही बाई नगरसेविका राहिली. आणीबाणीत पुन्हा तुरुंग, आणि १९७७ ला मुंबई उत्तर-मध्यमधून थेट लोकसभा. त्याच वर्षी मृणालताईही निवडून आल्या. लाटणेवाल्या दोघी दिल्लीत! पण ती लोकसभा ऑगस्ट १९७९ मध्ये बरखास्त झाली, आणि १९८० ला त्या मतदारसंघातून प्रमिलाताई आल्या.

म्हणजे बघा, महापालिकेत एकोणीस वर्षे आणि दिल्लीत जेमतेम अडीच. तरी नावामागे लागते ते 'माजी खासदार'. मला हे उलटेच वाटते. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, जिन्याचा कठडा तुटला, ही गाऱ्हाणी घेऊन बाई नगरसेविकेच्या दारात जाते, खासदाराच्या नाही. त्यांच्या पक्षाचे सगळेच मला पटले असे नाही. चीनच्या बाबतीत तर वडिलांचा राग मला आजही समजतो. पण बायकांना घराबाहेर काढून रस्त्यावर चालायला लावणे ही त्यांची कमाई कुणाला नाकारता येणार नाही.

१९ एप्रिल २००९ ला अहिल्याताई गेल्या. लोकसभेच्या प्रचाराची धामधूम होती. आई तोवर नव्हती. त्यामुळे बातमी वाचून सांगायला घरात कुणी नव्हते. आईने १९७७ ला मत कुणाला दिले, तेही कधी कळले नाही. वडिलांनी विचारले की म्हणायची, "मत गुप्त असतं, पोरगीच शिकवते ना शाळेत!"

असो. सुनेला म्हटले, माळ्यावर टाकू नकोस, खालीच ठेव. पापड लाटायला चालेल.