बडोद्याचा समुद्र आणि सिमेंटची गोणी

लहरीपुरा दरवाज्याजवळच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही घरच्यांनी विचार करून तळमजल्याला सिमेंटचा गिलावा दिला. गवंडी म्हणाला, "५३चे घ्या, पक्के होईल." आम्ही घेतले. चार पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागला आणि पोपडे सुटू लागले. दोष सिमेंटचा नव्हता. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, ही आमची समजूत चुकीची होती. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या गोणीचीच हकीगत सांगतो. तिचे आपल्या बडोद्याशी नाते आहे.

समोरचे न्यायमंदिर १८९६ सालचे. तेव्हा हिंदुस्थानात सिमेंटचा कारखाना नव्हता. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे लागे ते सिमेंट विलायतेहून लाकडी पिंपांतून येई. पिंप गडगडत नेता येई आणि समुद्राची दमट हवा थोडीफार बाहेर राही. ओल लागली की सिमेंटचा दगड होतो. त्यामुळे ते कशात भरायचे, हा प्रश्न या व्यापारात पहिल्यापासून महत्त्वाचा.

१९०४मध्ये मद्रासला देशी सिमेंटचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. १९१४मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून माल निघू लागला. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक घटली आणि युद्धानंतर नवे कारखाने उभे राहिले. त्यांतला एक द्वारकेचा. द्वारका म्हणजे ओखामंडळ, आणि ओखामंडळ म्हणजे गायकवाडी मुलूख! किनाऱ्याला चुनखडीचा दगड मुबलक होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९२६मध्ये ओखा बंदरही सुरू झाले. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या बडोद्याला असे स्वतःचे बंदर मिळाले. पुढे १९३६मध्ये देशातल्या दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली.

पिंपांची जागा गोणपाटाने घेतली, मग कागदी पिशव्या आल्या आणि आता प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या. जुनी गोणी एक हंड्रेडवेटची, म्हणजे ११२ पौंडांची. अशा वीस गोण्यांचा एक इंग्रजी टन होई. आजची गोणी ५० किलोची, तिच्याही वीस गोण्यांचा एक टन. मापे बदलली, तरी गवंड्याचा हिशेब तोच राहिला.

आता आकड्यांविषयी. ब्रिटिश मानक १९०४मध्ये ठरले. आपल्याकडचे ३३, ४३ आणि ५३ हे आकडे २८ दिवसांनंतर ठरावीक मिश्रणाचा ठोकळा किती दाब सोसतो ते सांगतात, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन. युरोपात हेच वर्ग ३२.५, ४२.५ आणि ५२.५ असे. अमेरिकेत कामानुसार एक ते पाच प्रकार, त्यांतला पाचवा सल्फेट असलेल्या जमिनीसाठी. म्हणून परदेशी सौद्यात नुसते 'उत्तम सिमेंट' लिहून भागत नाही. कोणत्या देशाचे मानक, कोणता वर्ग, सुटे की गोणीतले, हे सारे लिहावे लागते.

जहाजावर तर फार जपावे लागते. आधीच्या खेपेतली साखर तळाशी थोडी जरी उरली, तरी सिमेंट वेळेवर घट्ट होत नाही. झाकणातून पाणी शिरले तर वरचा थर वाया जातो. त्यामुळे पुष्कळदा सिमेंटऐवजी क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले न दळलेले गोळे, पाठवतात आणि पोचल्यावर दळतात. १९७५च्या सुमारास नायजेरियाने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवले. लागोस बंदराला ते झेपेना. शेकडो जहाजे महिनोन्‌महिने बाहेर ताटकळली आणि कित्येकांतला माल जागीच खराब झाला.

आपल्याकडे १९९०च्या दशकात कोडीनारजवळच्या मूळद्वारकेहून सुटे सिमेंट जहाजाने मुंबई-सुरतेकडे जाऊ लागले. हवेच्या दाबाने ते पाण्यासारखे नळातून वाहते, गोणी लागतच नाही. आणि हे कोडीनारही एके काळी आपल्या अमरेली प्रांतातले, गायकवाडीच!

आमच्या भिंतीचे पुढे काय झाले? चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटच्या कडक थराने ती वाट बंद केली होती. गेल्या वर्षी आम्ही तो थर खरवडून पुन्हा चुना लावला. ज्यांचे जुने घर अजून उभे आहे, त्यांनी दुरुस्तीआधी भिंत कशाची आहे ते पाहावे. नव्या बांधकामाला सिमेंट घेताना काम कोणते ते आधी सांगावे, मग आकडा विचारावा. गोणीवर छापलेला आठवडा आणि साल वाचावे. तीन महिन्यांहून जुना माल तपासल्याशिवाय वापरू नये. आम्ही हे उशिरा शिकलो, तुम्हाला तरी वेळेवर उपयोगी पडो.