एका नावाखाली दहा जाती

संग्रहालयातील काचेच्या पेटीत टाचण्यांवर ओळीने मांडलेली फुलपाखरे पाहताना आपण रंगांना भुलतो. ज्याला त्यांची ओळख पटवायची असते, त्याला मात्र हाच रंग अनेकदा चकवतो. ‘स्किपर’ या चपळ फुलपाखरांच्या कुळाचा इतिहास याची साक्ष देतो.

टेक्ससपासून अर्जेंटिनापर्यंतच्या उष्ण प्रदेशात ‘अ‍ॅस्ट्राप्टीस फल्गरेटर’ हा स्किपर आढळतो. काळसर पंखांवर शुभ्र पट्टा आणि अंगावर विजेसारखी निळी झळाळी! १७७५ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. पुढे सव्वादोनशे वर्षे या रूपाचे नमुने बहुधा त्याच नावाखाली ठेवले गेले. यात हलगर्जीपणा नव्हता. ब्रिगेडियर इव्हान्स यांनी १९५१ ते १९५५ या काळात ब्रिटिश म्युझियममधील अमेरिकी स्किपरांची सूची चार भागांत सिद्ध केली. भारतीय फुलपाखरांच्या ओळखीविषयीचा त्यांचा ग्रंथ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यापूर्वीच प्रसिद्ध केला होता. पंखांवरील खुणा आणि जननांगांची सूक्ष्म रचना, हेच अशा अभ्यासकांचे आधार होते.

कोस्टारिकाच्या ग्वानाकास्ते भागात डॅनियल जॅन्झेन व विनी हॉलवॉक्स या दांपत्याने निराळी वाट धरली. त्यांनी रानातील सुरवंट आणून वाढवले. प्रत्येक सुरवंट कोठे सापडला, कोणत्या झाडाची पाने खात होता, दिसायला कसा होता, हे सारे नोंदले. पंचवीस वर्षांत या एका ‘जाती’चे अडीच हजारांहून अधिक सुरवंट जमले. त्यांचे रंग वेगळे, खाद्य वेगळे. पण कोशातून निघणारी फुलपाखरे जवळजवळ सारखीच! जॉन बर्न्स यांना जननांगांतही भेद आढळला नाही. अखेर पॉल हेबर्ट यांच्या साहाय्याने ४८४ नमुन्यांतील जनुकाचा एक छोटा अंश तपासण्यात आला आणि २००४ साली निष्कर्ष जाहीर झाला : या जाती किमान दहा आहेत. त्यांना दिलेली तात्पुरती नावेही बहुतांशी सुरवंटांच्या खाद्य वनस्पतींवरूनच होती.

वाद तेथेच मिटला नाही. २००६ साली अँड्र्यू ब्रॉवर यांनी तीच माहिती पुन्हा तपासून, पुरावा तीन ते सात गटांपुरताच आहे, असे मांडले. संख्येविषयी मतभेद राहिला. परंतु सारे एकच, ही समजूत मात्र डळमळली.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. एखाद्या रानातील एकच झाड नाहीसे झाले आणि त्यावर जगणारी जात संपली, तर सर्वांना एकच मानणाऱ्या आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून वाचकहो, आपल्या मुलांनी फुलपाखरांची टिपणे ठेवली, तर रंगाबरोबरच दिवस, ठिकाण आणि झाड लिहून ठेवण्याची सवय त्यांना अवश्य लावावी.